भिंतीपलीकडचा चेंडू

॥ श्री ॥

जळगाव,
दि. ६ ऑगस्ट १९८८

ति. सौ. अक्कास,
अभिमनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

ज्या क्षणी तो चेंडू भिंतीवरून परत आला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. हे आधीच सांगून मोकळा होतो, म्हणजे खाली जे लिहीन ते तुला वेड्यासारखं वाटणार नाही. वाटलंच तर निदान का वाटतंय ते कळेल.

तुला ठाऊक आहेच, पावसाळ्यात जिनिंग बंद. नवा कापूस येईपर्यंत आम्ही वजनकाट्यावरची माणसं मोकळी. खोलीवर लोळत होतो, तर कॉलेजचा शिपाई निरोप घेऊन आला. ज्या कॉलेजातून मी सेकंड इयरला प्रिन्सिपॉलच्या केबिनचं दार आपटून निघालो आणि दाराची काच माझ्यामागे खळ्ळकन खाली आली, त्याच कॉलेजातून बोलावणं! खेळाचे भारंबे सर दसऱ्यापर्यंत पतियाळाला प्रशिक्षणाला चाललेत. तोवर फुटबॉलची टीम कोणी सांभाळायची? आमच्या जळगावात क्रिकेटचं ज्ञान पानटपरीवरही मिळतं, पण फुटबॉल म्हटलं की सगळे भुसावळच्या रेल्वे कॉलनीकडे बोट दाखवतात. सर प्रिन्सिपॉलना म्हणाले म्हणे, अभिमन माझ्याच टीममध्ये खेळलाय, राग सोडला तर तो पोरगा चांगला आहे. प्रिन्सिपॉल म्हणाले, आणि राग सोडला नाही तर? सर म्हणाले, दाराला या वेळी पत्रा लावून घ्या.

तर तुझा भाऊ हंगामी कोच झालाय. गळ्यात शिट्टी. पोरं मला सर न म्हणता भाऊ म्हणतात, तेच बरं वाटतं.

मैदानाच्या पश्चिमेला भिंत आहे आणि भिंतीपलीकडे भारंबे सरांचं क्वार्टर. पहिल्याच संध्याकाळी हिलालचा फटका भिंतीपार गेला. हिलाल आमचा कप्तान, तुमच्या पिंपळनेरकडचा, अनवाणी पळतो आणि बूट दिले तर हातात घेऊन पळतो. पाऊस नुकताच थांबला होता. काळी माती वाफा सोडत होती, सगळी पोरं कमरेवर हात ठेवून उभी, आणि मैदानात इतकी शांतता की लिंबावरचं पाणी गळताना ऐकू यावं. मग भिंतीवर चेंडू उगवला. खरंच उगवला, अक्का. मावळतीच्या उजेडात हळूहळू वर आला, क्षणभर तिथेच थांबला आणि माझ्या पायाशी येऊन पडला. तो कोणी हाताने फेकला नव्हता, पायाने मारला होता. मागोमाग मधुमालतीच्या वेलातून एक चेहरा वर आला. सरांची मुलगी, उज्ज्वला. पलीकडच्या ओट्यावर चढून तिने विचारलं, ही पोरं फुटबॉल खेळायला आलीत की पतंग उडवायला. मी चिडायचं सोडून हसलो. मी, अक्का!

आबांना या भिंतीपलीकडचं काही सांगू नकोस. दाजींना नमस्कार. तुझा लोभ आहेच, या वेळी तो जरा जास्त लागेल.

तुझा,
अभिमन

—

॥ श्री ॥

साक्री,
दि. २४ ऑगस्ट १९८८

चि. अभिमन यास,
सुनंदाअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अकरा पोरांना मिळून चार ओळी आणि एका चेहऱ्याला अख्खा कागद, यावरून तुझी प्रकृती कळली.

रविवारी कानबाईचा सण झाला. आई सांगत होती, नैवेद्याच्या रोटाचे गहू घरातल्या एकेकाच्या नावाने काढताना तुझ्या नावाची मूठ तिच्या हातून जरा जास्तच भरली. तू आला नाहीस, म्हणून तुझ्या वाटचा रोट आबांनी खाल्ला आणि वर सगळ्या भाऊबंदांत सांगत बसले, मना पोऱ्या जळगावमा शिट्टी वाजाडस. रागाने म्हणाले की कौतुकाने, ते आईलाही कळलं नाही. पण तीन घरी जाऊन सांगितलं म्हणजे कौतुकच असावं.

आता माझं ऐक. भारंबे म्हणजे यावल-रावेरकडची माणसं, केळीच्या बागांची. आपण साक्रीकडचे, आभाळाकडे बघून बाजरी पेरणारे. स्वप्न बघायला माझी ना नाही, मीही कधीकाळी बघितली आहेत. पण तू स्वप्न बघता बघता उठून चालायला लागतोस आणि मग समोर दार आलं की दाराचं काही खरं नसतं. कॉलेजने ती काच बसवली का रे? आई म्हणते, तू सुट्टीला आलास की आपल्या घरातली दारंसुद्धा आधीच कुरकुरायला लागायची.

बाळाला गालगुंड झालंय, मांडीवरून उतरत नाही. म्हणून पत्र उशिरा. आणि हो, दाजी विचारत होते, चेंडू तर गोलात घालायचा असतो ना, मग तो भिंतीपार जातो कसा? मी म्हटलं, मला बाई काय कळतं. पण प्रश्न मलाही पडलाय.

जेवत जा. तुझ्या रागावरसुद्धा माया आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
अक्का

—

॥ श्री ॥

जळगाव,
दि. ११ सप्टेंबर १९८८

ति. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

बाळाचं गालगुंड उतरलं असेल. आमचं काही उतरत नाही. आम्ही भुसावळला हरलो, चोपड्याला हरलो, काल धुळ्याला हरलो. आणि अजून आमच्या नावावर एक गोल नाही. पोरं पळतात, चेंडू काढून आणतात, गोलाच्या तोंडाशी जातात, सगळं दृष्ट लागण्यासारखं करतात, आणि मग फटका वर! प्रत्येक फटका दांडीवरून आभाळात. धुळ्याला एक तर थेट पांझरा नदीच्या दिशेने गेला. कडेला उभा असलेला एक म्हातारा ओरडून म्हणाला, अरे जळगाववालास्वन, गोल खाले शे, आभायमा नही! सगळं मैदान हसलं. मी पोरांवर इतका ओरडलो की येताना एसटीत कोणी माझ्या बाकावर बसेना.

आणि तरी, अक्का, संध्याकाळी सरावाला उभा राहिलो की मी दुसराच कोणी असतो. मी ओरडायला लागलो की कोणाचा तरी फटका भिंतीपार जातो. आमचा गोलकीपर पंडित तर हल्ली चेंडू हवेत असतानाच ओरडतो, भाऊ, गया! मग सगळे थांबतात. पलीकडे चेंडू पडल्याचा आवाज येतो, मग काहीच नाही. तेवढा वेळ मला वाटतं, पलीकडे क्वार्टर नाही, अंगण नाही, नुसतं पाणी आहे, संथ, मेहरूण तलावासारखं, आणि त्यात चेंडू तरंगतोय. मग तो उगवतो. मग ती. एक शब्द बोलते, कधी तोही नाही. माझा राग कुठे जातो कोण जाणे. पोरं एकमेकांकडे बघून हसतात, ती का हसतात तेही कळत नाही.

गेल्या आठवड्यात चेंडू आला, तर त्याच्या लेसमध्ये मधुमालतीचं एक फूल अडकलेलं. वेलातून येताना अडकलं की कोणी अडकवलं? मी ते शिट्टीच्या दोरीला बांधलं. वाळून गेलं तरी सोडवलं नाही.

पण आज प्रिन्सिपॉलनी बोलावलं. म्हणाले, दसऱ्यापर्यंतच्या सामन्यांत एक तरी गोल दिसू दे; नाही तर पुढच्या वर्षी मैदान कबड्डीला आणि फुटबॉल बंद. हिलालला होस्टेल मिळालंय ते या खेळावर. खेळ सुटला तर तो गावाकडे परत. मला म्हणाले, तुला काय, तू तसाही अर्ध्यावर सोडणाराच. अक्का, डोकं असं फिरलं की काय सांगू. पत्रा लावलेल्या त्या दारापर्यंत पोचलो होतो. शिट्टी काढून ठेवायचं मी नक्की केलंय. हरायचंच तर दुसऱ्याच्या हाताखाली हरू देत पोरं. तुझं पत्र येईपर्यंत तेवढा थांबतो.

माया पातळ करू नकोस. इथे सगळंच पातळ झालंय.

तुझा,
अभिमन

—

॥ श्री ॥

साक्री,
दि. १८ सप्टेंबर १९८८

चि. अभिमन यास,
अनेक आशीर्वाद.

आधी शिट्टी गळ्यात घाल, मग पुढे वाच.

तुझं पत्र मी दाजींना वाचून दाखवलं. ते इतके हसले की बशीतला चहा गणपतीच्या आरासीवर सांडला. मला आधी त्यांचा राग आला, मग त्यांनी सांगितलं, ते पत्र परत वाच. वाचलं, आणि मीही तोंडाला पदर लावला.

अरे वेड्या, तुझी पोरं चुकत नाहीत. ती तुझ्यासाठी मारतात. तू चिडलास की चेंडू भिंतीपार जातो, म्हणजे काय? त्यांना भाऊचा राग उतरवायचा उपाय सापडलाय! एवढे दिवस ती रोज भिंतीपार मारायचाच सराव करतायत, आणि तू कोच म्हणून उभा राहून तो करून घेतोयस. मग सामन्यात पायातून दुसरं काय निघणार? मी सासरी आले तेव्हा इथल्या तव्याच्या मापाने भाकरी मोठी थापायला शिकले. माहेरी आले तर माझी भाकरी आईच्या तव्यात मावेना. हाताला काय कळतं, घर बदललंय म्हणून? पायालाही कळत नसणार.

त्यांनी हे मायेने केलंय, म्हणून त्यांच्यावर ओरडू नकोस. आता तुझं तू ठरव. रोज संध्याकाळी तिला बघायचं की हिलालला गोल करू द्यायचा. एका भिंतीपाशी दोन्ही व्हायचं नाही. मला वाईट वाटतंय लिहिताना. ते फूल कोणी अडकवलं असेल, असा विचार मीसुद्धा भांडी घासताना दोनदा केला.

आणि निघायचंच असेल तर दसऱ्याला निघ, सगळे सामने हरून निघ, आणि निघताना दार हाताने लाव. आयुष्यात एकदा तरी.

तुझ्या वाटचा मोदक बाळाने खाल्ला. बाकी सगळी माया तुझीच.

तुझी,
अक्का

—

॥ श्री ॥

जळगाव,
दि. २३ ऑक्टोबर १९८८

ति. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार.

दाजींना नमस्कार, बाळाला पापा, आईआबांना दसऱ्याचं सोनं, आणि माझ्यावर लोभ ठेव, तुझा अभिमन. हे सगळं आधीच उरकून घेतो, कारण शेवटाशी पोचल्यावर पुढे काही लिहवणार नाही.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग डोकं फिरलं, आणि तसाच मैदानात जाऊन पंडितला धरलं. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, भाऊ, तुम्ही हसतस ना, तवय बरं वाटस. यावर काय ओरडणार?

दुसऱ्या दिवशी सरावाचे बांबू उपटले आणि पूर्वेला, रस्त्याच्या बाजूला रोवले. गोलात कमरेएवढ्या उंचीवर सुतळी ताणली. फटका सुतळीखालून गेला तरच खरा. भिंत आता पाठीमागे. मी मागे वळून बघितलं नाही. संध्याकाळ माझ्या पाठीवर पडायची, ऊन मानेवरून उतरायचं, कधी मागे बांगड्या वाजल्यासारखं वाटायचं, की तो वेलातला वारा असेल. स्वप्नात चालत असताना आपल्याला कळावं की हे स्वप्न आहे, आणि तरी डोळे उघडायचे नाहीत, तसे ते दिवस गेले. पोरांना वाटलं माझं आणि तिचं भांडण झालं. हिलालने तर हळूच येऊन विचारलं, भाऊ, एखादा चुकून मारू का? मी नको म्हटलं. त्याच्या पाठीवर हात ठेवून, न ओरडता म्हटलं.

सामने हरतच होतो. पण फटके खाली आले. एक खांबाला लागला, एक गोलकीपरच्या पोटात. शेवटचा सामना आमच्याच मैदानावर, भुसावळशी. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला. त्यांनी चार गोल चढवले. आणि मग हिलाल चिखलातून निघाला, अनवाणी, आणि त्याने चेंडू मारला तो इतका जमिनीलगत की काळी माती चिकटून चेंडू जड झाला आणि सरपटायला लागला. गोलकीपर आधीच भलत्या बाजूला पडला होता. चेंडू हळूहळू चालला होता, अक्का, रमतगमत, माळावरून घरी निघालेल्या म्हशीसारखा. आम्ही सगळे जागच्या जागी उभे. तो रेषेवर पोचला, थांबल्यासारखं केलं, आणि आत गेला.

पोरं अशी नाचली की जिंकलेले भुसावळवाले बुचकळ्यात पडले. प्रिन्सिपॉल खुर्चीवरून उठून क्लार्कला विचारत होते, आपण जिंकलो का? फुटबॉल राहिला. हिलालचं होस्टेल राहिलं. आपण एक गोल केला आणि सगळा हंगाम हरलो.

दसऱ्याला भारंबे सर आले. मी शिट्टी परत द्यायला आणि सोनं द्यायला क्वार्टरवर गेलो. मनात काय काय बोलायचं ठरवलं होतं ते तुला सांगत नाही, तू ओळखलंच असशील. सर म्हणाले, जिंकणारी टीम कोणीही सांभाळतो, हरणारी शेवटपर्यंत नेलीस, पुढच्या वर्षी माझ्याबरोबर ये. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी पेढा पुढे केला. उज्ज्वलाचं ठरलं म्हणाले. मुलगा दीपनगरच्या पॉवर हाऊसमध्ये आहे. माझे कान तापले. तोच जुना राग पायांतून वर चढत होता, आणि नजर आपोआप दाराकडे गेली.

सर शिट्टी ठेवायला आत गेले, आणि ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. हळू आवाजात तिने विचारलं, महिनाभर चेंडू का आला नाही. म्हणाली, ती रोज संध्याकाळी वेलापाशी उभी राहायची. मग एक दिवस उभं राहणं सोडलं.

मला सगळं सांगता आलं असतं. बांबू, सुतळी, तुझं पत्र, फूल. मी एवढंच म्हणालो की पोरं आता खाली मारायला शिकली. तिने तांब्या माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाली, बरं झालं, गोल तसाच होतो. मी तिच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, पाणी प्यायलो आणि उठलो.

बाहेर वारा सुटला होता. दार सोडलं असतं तर आपोआप आपटलं असतं. मी चपला घातल्या, कडी हातात धरली, दार हलकेच ओढून घेतलं आणि आवाज न करता लावलं.