उभा तडा

१९ सप्टेंबर, सकाळ

प्रिय बारके,

तू नीट पोचलीस हे कळलं. इथे सगळं ठीक. आईचा गुडघा पुन्हा जिना चढू देतोय, त्यामुळे गच्चीची पाहणी सुरू झालीय. तू आणलेली शाल तिने कपाटात ठेवून दिली; वापरली तर जुनी होईल म्हणते.

फोन न करता लिहितेय, कारण हल्ली फोन तुझे अहो उचलतात आणि तू मागून "बरी आहेस ना ताई?" एवढंच विचारतेस.

परवा तू आलीस, बरं वाटलं. वर्षभर फिरकली नव्हतीस. जेवताना विचारलंस, "त्या नटावरचा ताण तू काढतेस तरी कसा गं?" मला हसूच आलं. एरवी लोकांना तू सांगतेस, ताई नळाचं काहीतरी करते. मी हुरळून ताटातच बोटाने काढून दाखवलं: हा प्लास्टिकचा पाइप, ही त्यावरची रबरी कडी, हा वरून आवळायचा नट. आवळला की कडी पाइपला धरते आणि नटाला आतून फाकवू बघते. नटाची जाडी, घेर आणि किती आवळला, यावरून ताण निघतो. तू मान डोलावत होतीस, पण डोळे खिडकीकडे होते.

खिडकीत ते तडकलेले नट होते. जोड फुटून जिन्यात पाणी आलं आणि एक बाई घसरून खुबा मोडून बसल्या, त्या इमारतीतले. आमच्या कारखान्याचे मालक म्हणतात, प्लंबरने जास्त आवळले. त्याचं काम बंद झालंय. नट कागदावर बेतला मी, म्हणून तसं लिहूनही मीच द्यायचं. तो भेटायला आला होता. म्हणाला, "बाई, घरी बरणीचं झाकण बायको उघडून देते मला. मी कसला नट फोडतोय?"

मी गणित पुन्हा पुन्हा केलं. जास्त आवळला तर आधी आटे घसरतात, नट फुटायची वेळच येत नाही. यांचे आटे नव्यासारखे, आणि तडा उभा, वरपासून खालपर्यंत. चांगलं प्लास्टिक तुटण्याआधी ताणलं जातं, पांढरं पडतं. हे बिस्किटासारखं तुटलंय, कडेला काळे ठिपके. भंगार वितळवून मिसळलं की असं होतं. आमच्या कारखान्यात कुठला माल वापरायचा हे तुझे अहो ठरवतात, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

म्हणूनच ते नट मी ऑफिसच्या खणात ठेवले नव्हते. घरी सुरक्षित राहतील वाटलं.

तू गेलीस आणि खिडकी रिकामी.

आधी मी कामवाल्या मावशींवर संशय घेतला. मग आईवर. तिची पलंगाखालची खोकी उपसली, तेव्हा ती वैतागून म्हणाली, "बारकीला विचार की. तीच खिडकी पुसत होती."

तू, आणि खिडकी पुसत होतीस. तुला स्वतःचं ताट उचलायलाही सांगावं लागायचं.

मग मला दुसरंच आठवायला लागलं. मागे तुझ्याकडे आले होते, साबण शोधायला बेसिनखाली वाकले, तर सगळे जोड पितळेचे, कोरे करकरीत. आमचे नट जिथे फुकट येतील त्या घरात. तुझे अहो म्हणाले, "पितळ दिसायला बरं." बेसिनखाली कोण बघायला जातं, बारके?

म्हणजे त्यांना माहीत होतं. तुला कधीपासून, हे मला विचारवत नाही.

नटांशिवाय मला एवढंच दाखवता येईल की दोष प्लंबरचा नाही. ते मी सोमवारी लिहून देणारच. पण नटावर घडणीचा क्रमांक असतो. त्याच मालातले आणखी कुठल्या घरांत बसलेत, ते त्यावरूनच कळेल. तुझा संसार मला मोडायचा नाही गं. पण जिना उतरणारं कुणीही दिसलं की हल्ली मी आधी पायऱ्या ओल्या आहेत का बघते.

नट घेऊन ये. का नेलेस, हे मी विचारणार नाही. पितळेचं मी अजून आईलाही बोललेले नाही. त्यापुढचं वचन माझ्याकडे मागू नकोस.

सोमवारपर्यंत फक्त तुझी,
ताई