जमीलाच्या पिशवीतलं अस्तर

२५ जानेवारी, रविवार

सासूबाईंनी दह्यासाठी फ्रीज उघडला आणि हाताला लागलं ओलं कातडं. मीच ठेवलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. रात्रभर ओलसर राहिलं की सकाळी नक्षी छान उठते.

"हाई काय शे वं?"

"कातडं."

"दहीना बाजूले?"

मी घरात म्हैसच आणून बांधली आहे असा स्वर. माळकरी बाई, माहेर शिरपूरकडचं, साठ वर्षांत अंड्याचं टरफल उंबऱ्याच्या आत आलं नाही. आणि सुनेला हा छंद! तरी माझ्या हातचं चष्म्याचं घर दिवाळीपासून वापरताहेत. "चष्माले काय व्हस," म्हणाल्या होत्या. कातड्याला फक्त दह्याशेजारी जागा नाही.

आज गटात चिठ्ठ्या निघाल्या. 'आरी-दोरा' गट — कातडं शिवणारे जळगाव-धुळ्याचे आम्ही पंधरा-वीस हौशी. कुणी मास्तर, कुणी मेडिकलवाले, एक दातांचे डॉक्टर. एरवी फक्त फोटो टाकायचे आणि एकमेकांची वाहवा करायची. या वेळी स्वप्नीलने टूम काढली — धुळ्यात त्याचं चष्म्यांचं दुकान आहे, गटाचा कारभारी तोच. प्रत्येकाने चिठ्ठीत येईल त्याच्यासाठी काहीतरी शिवायचं. कुणासाठी ते बोलायचं नाही. ८ तारखेला त्याच्या घरी उघडायचं.

मला जमीला आली. फार बरं वाटलं. दातांचे डॉक्टर आले असते तर मी काय शिवणार होते?

२८ जानेवारी, बुधवार

ठरलं. जमीलाला जुजदान.

हा शब्द तिचाच. कुराण ठेवायचं वेष्टण. मागच्या महिन्यात आमच्याकडे गटाची भरीत पार्टी झाली तेव्हा ती म्हणाली होती — अम्मीच्या हातचं जुजदान आता पार विरलंय, रमजानला बाहेर काढलं की हातात धागे येतात. कापडाचंच लागतं का, असं मी सहज विचारलं होतं. "नाही हो ताई, चामड्याचं चालतं. जुन्या प्रती तर चामड्यातच बांधलेल्या असतात." उर्दू शाळेत गणित शिकवते, त्यामुळे उत्तर नेहमी नेमकं असतं.

वरून बकऱ्याचं तपकिरी. आत अस्तर मऊ हवं, ग्रंथाला घासता कामा नये. दिवाळीत जमीलानेच पिशवीभर अस्तराचे तुकडे दिले होते, तिच्या दिराच्या चपलांच्या दुकानातला उरलेला माल. पीचच्या सालीसारखं मऊ. सासूबाईंच्या चष्म्याच्या घराला तेच लावलं होतं. तिचंच अस्तर तिला परत जाईल, त्यातही गंमत.

२९ जानेवारी, गुरुवार

भोकं पाडताना आरी बोटात घुसली. कातड्यावर डाग नाही, बोटाचं बोट बघेल.

१ फेब्रुवारी, रविवार

झालं. स्वतःच म्हणते — सुंदर झालंय. टाके एका रेषेत, कडा मेणाने घासून काचेसारख्या, कडेने वेलबुट्टी. ह्यांनी टीव्हीवरून मान वळवून बघितलं, म्हणजे खरंच चांगलं असणार. फोटो काढला, पण गटात टाकता येत नाही! पोट फुगलंय नुसतं.

स्वप्नील कामाने जळगावात आला होता. कागदात बांधून, वर जमीलाचं आणि आत माझं नाव घालून त्याच्याकडे देऊन टाकलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

अक्षर कसं येईल ते येवो.

स्वप्नीलने सकाळी गटात कोडं टाकलं. दुकानातल्या भिंगातून कातड्याचा फोटो — ओळखा कुणाचं? तीन-तीन ठिपके, त्रिकोणात, सगळीकडे. मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं, बकरी. संध्याकाळी उत्तर आलं. डुक्कर. बुटांच्या अस्तराला सर्रास येतं म्हणे, उजेडात धरलं तर ठिपक्यांची भोकं आरपार दिसतात.

सासूबाईंचं भिंग घेतलं. उरलेला तुकडा खिडकीत धरला. तीन-तीन ठिपके. उलटा केला. मागच्या बाजूलाही.

कुराणाला मी डुकराच्या कातड्याचं अस्तर लावलं आहे.

गटात सगळे हसून गेले. जमीलाने काही लिहिलं नाही. एरवी पहिलं उत्तर तिचं असतं.

४ फेब्रुवारी, बुधवार

स्वप्नीलला फोन केला. म्हटलं, माझं पुडकं परत दे, एक टाका राहिलाय. तो म्हणाला, "जमीलाताईंना दिलं की सोमवारीच. रविवारी त्या मालेगावला लग्नाला जाताहेत, येणार नाहीत. छान झालं असेल हो, कशाला काळजी करता?"

कशाला काळजी करते मी.

त्यात पुन्हा अस्तर तिचंच. खरं सांगायचं तर तिलाच सांगावं लागेल, तुझ्या पिशवीतलं आहे. मग तिच्या घरातलं काय काय निघेल? तिच्या मिसबाहची कॉलेजची पर्स, जमीलाचा स्वतःचा बटवा. लेकीसाठी किती हौसेने शिवते ती. तिच्या डोक्यावर हे कसं घालू? आणि गप्प बसावं, तर रमजान दोन आठवड्यांवर आलाय. रोज हातात धरेल.

आणि उद्या तिच्या घरात कुणी भिंग लावलं तर? मुद्दाम केलं म्हणतील. जमीला तसं म्हणणार नाही. पण हल्ली बाकीच्यांच्या मनात काय येईल, याची खात्री देववत नाही. तिची-माझी मैत्री जाईल. मला त्याचीच भीती वाटतेय, दुसऱ्या कशाची नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

घरात सांगून टाकलं. भाजी दोनदा खारट झाली, लपवणार किती?

हे म्हणाले, "गप्प बस. कुणाला कळणार आहे?" म्हटलं, मला कळलंय ना.

सासूबाई मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिना ग्रंथ शे तो. मना हरिपाठनं असं व्हतं तर तू गप्प बसती का? जाय, सांगी ये."

फोनवर नाही सांगता येणार. शनिवारी धुळ्याला तिच्या घरीच जाते.

७ फेब्रुवारी, शनिवार

जाऊन आले. आधी तेच लिहिते — जाऊन आले, आणि ठीक आहे.

एरंडोलपर्यंत मनात वाक्यं जुळवली, पारोळ्याला सगळी विसरले. जमीलाने दार उघडलं तर तिचाही चेहरा उतरलेला. बरं नाही का विचारलं. म्हणाली, पेपर तपासणं चालू आहे. खुर्चीवर बसले तर समोर कपाटावर माझं पुडकं. उघडलेलं, पण पुन्हा नीट कागदात ठेवलेलं. शेजारी अम्मीच्या विरलेल्या जुजदानात कुराण.

"अजून घातलं नाहीस?"

"चाँदच्या दिवशी घालेन म्हटलं."

मला इतकं हलकं वाटलं की तिथेच रडू आलं. मग सांगितलं सगळं, रडत रडतच. ठिपके, भिंग, खिडकी. "जमीला, मला खरंच ठाऊक नव्हतं गं. तुझी शपथ."

तिने खाली बघत विचारलं, "अस्तर कुठून घेतलं होतं, ताई?"

मी म्हटलं, "बाजारातून. भुसावळच्या."

पटकन तोंडातून निघालं. बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांत हे नव्हतं.

जमीलाने माझ्याकडे बघितलं. "चहा ठेवते," म्हणाली आणि आत गेली. चहाला फार वेळ लावला. आली तेव्हा तोंड धुतलेलं दिसत होतं. पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं. "वरचं काम इतकं सुंदर झालंय, हे टाकायचं नाही. अस्तर तेवढं काढा. आणि आता कातडं नको, तुमच्या एखाद्या जुन्या साडीचं लावा. तुमच्या घरातलं काहीतरी असू दे त्याला."

निघताना मी दारात, आपलं सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "हल्ली सगळीकडे हाच माल आलाय म्हणतात. तुझ्याकडचंही एकदा उजेडात धरून बघ."

"बघते," म्हणाली.

येताना बसमध्ये झोप लागली. कंडक्टरने जळगावला उठवलं.

८ फेब्रुवारी, रविवार

आजच्या कार्यक्रमाला गेले नाही, काल तर धुळं केलं. मला दातांच्या डॉक्टरांकडून किल्ल्यांची साखळी आली आहे म्हणे. आकार दाढेचा. फोटो बघून एकटीच हसत सुटले. चार दिवसांत हसले नव्हते. दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी, दोन भाकरी खाल्ल्या. ह्यांनी मोजल्या, आणि तसं बोलूनही दाखवलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

लग्नातल्या शालूला कात्री लावली. पदर आधीच चिरत चालला होता, पण डाळिंबी रंग अजून तसाच. जुनं अस्तर उसवलं, जुने टाके एकेक ओढून काढले. वरच्या कातड्याला आतून ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसलं, मग उन्हात ठेवलं. तिला काय नियम असेल तो ती करेलच. मी माझ्यापुरतं केलं.

शालू लावून शिवलं तर आधीच्यापेक्षा देखणं दिसतंय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पार्सल गेलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

जमीलाचा फोटो आला. कुराण जुजदानात, डाळिंबी कड जराशी बाहेर डोकावतेय. खाली फक्त "पोचलं, ताई." झालं! सुटले एकदाची.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

जमीलाचा फोन. म्हणाली, "ताई, ती पिशवी माझी होती. स्वप्नीलभाऊंचं कोडं वाचलं त्याच दिवशी मी घरातलं बठ्ठं, पर्स-बटवा सगळं उजेडात धरून बघितलं. तुम्ही दारात उभ्या राहिलात तेव्हा वाटलं, जाब विचारायला आलात. सासूबाईंच्या चष्म्याच्या घराला तुम्ही तेच अस्तर लावलंय, दिवाळीत फोटो टाकला होतात. भरीत पार्टीला बघितलं होतं मी, हरिपाठाशेजारी असतं ते. माझ्यामुळे. तर तुम्हीच माफी मागायला लागलात. भुसावळचं नाव घेतलंत. माझी सांगायची हिंमतच झाली नाही."

चष्म्याचं घर. इतके दिवस मी जमीलाच्या ग्रंथापायी झुरले, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर रोज हरिपाठाला टेकून पडलेलं होतं!

फोन ठेवून सासूबाईंकडे गेले, सांगितलं. त्यांनी चष्म्याचं घर हातात घेतलं, आत बोट फिरवलं, बाजूला ठेवलं.

"देवले बठ्ठं माहीत शे. तू अस्तर बदल."

शालूचा तुकडा थोडा उरलाय. उद्या तोच लावते.