चुलीजवळचा बाक

मी, याखेन लुत्सी वोंत्सून, वय एक्याऐंशी, राहणार वालसेका, ग्राउब्युंडन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोके शाबूत आहे. दडपण कोणाचेही नाही. दडपण आणायला माणसाने घरी तरी असावे लागते. माझा पुतण्या कुर्दिन सदा पर्यटकांना घेऊन डोंगरावर.

१. राहते घर कुर्दिनची बायको सेराइना हिला. या घरात अक्कल तिलाच आहे.

२. बँकेतली शिल्लक बचावपथकाच्या कुत्र्यांच्या खाण्यासाठी. पथकातल्या माणसांना एक पैसा देऊ नये, ते पितात.

३. काळ्या उताराखालची, पर्यटकांच्या मुक्कामाची झोपडी कुर्दिनला. किल्ली मात्र सेराइनाकडे राहील. हिवाळ्याच्या सुरुवातीला तिने माझ्या फावड्याने जमिनीपर्यंत बर्फ खणावा. तळाचे दाणे साखरेसारखे बोटांतून निसटले, तर किल्ली तिच्या खिशातच राहावी.

परवा मंगळवारी मी कुर्दिनला हेच सांगत होतो.

"तळाशी साखर झालीय. वाऱ्याने आणलेला बर्फ तिच्यावर नुसता ठेवलाय, पाय पडला की सगळा सुटेल."

"काका, गुडघाभर तर बर्फ! त्यात बुडायला मुंगी व्हावं लागेल."

"पाय ठेवल्यावर थर खचल्याचा 'हुम्म' आवाज आला होता ना?"

"आला की. डोंगराने ढेकर दिला. तुम्ही आपले चुलीजवळ बसा, बोकोबा!"

त्याच्याबरोबरचे चार पर्यटक खिदळले. बर्फाखाली माणूस सापडावा म्हणून गळ्यात घालायचे यंत्र त्यातल्या एकाने बॅटरी वाचवायला बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवले होते. इतके काटकसरी प्रेत मी अजून पाहिलेले नाही.

४. शाळेतल्या कवितांची वही सेराइनाने जपावी. पहिल्याच कवितेत बर्फ म्हणजे आईने पांघरलेली दुलई आहे. ती म्हटली की अजून वर्गाची खिडकी दिसते, ओल्या लोकरीचा वास येतो, डोळे भरतात. पण कविराजांनी दुलई उचलून खाली कधी पाहिले नाही. पाहिले असते तर यमक जुळले नसते.

५. उतारावरून परत फिरणाऱ्याला आमच्या गावात 'चुलीजवळचा बोका' म्हणतात. हा शब्द कुर्दिनच्या घरात कोणी आणला, ते लिहिणे भाग आहे.

१९७४चा नोव्हेंबर. माझा धाकटा भाऊ आंद्री, म्हणजे कुर्दिनचा बाप, काळ्या उताराच्या कडेला उभा राहिला, 'हुम्म' ऐकले आणि शहाण्यासारखा परत फिरला. मी खानावळीत भरल्या टेबलांसमोर ओरडलो, "आला बघा चुलीजवळचा बोका!" सगळे हसले. आंद्रीही हसला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच त्याच उतारावर गेला. बर्फ गुडघाभरच होता. तो सगळा एकदम सुटला आणि आंद्रीला खालच्या खडकांवर घेऊन गेला. कुर्दिन तेव्हा चार महिन्यांचा होता. त्याला आम्ही आजवर "पाय घसरला" असे सांगत आलो. पाय घसरला नव्हता. जीभ घसरली होती, आणि ती माझी होती. पर्यटक मूर्ख खरे, पण या गावातला पहिला नंबर माझा.

६. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. हे तसे वाचून उपयोग नाही. शनिवारी कुर्दिन बारा जणांना काळ्या उतारावर नेणार आहे, म्हणून याची एक प्रत त्याला आजच द्यावी.

७. चुलीला लागून असलेला, माझ्या बुडाने गुळगुळीत झालेला बाक कुर्दिनला. घर सेराइनाचे असले तरी बाक त्याचा. शनिवारी तो अर्ध्या वाटेवरून परत आला, तर त्याला तिथे बसू द्यावे. का आलास, असे कोणी विचारू नये. मी तर नाहीच विचारणार. चूल तेवढी पेटती ठेवावी.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, एक शब्दही खोडला नाही.

वालसेका, गुरुवार, २१ नोव्हेंबर २०१९

(सही) याखेन लुत्सी वोंत्सून

साक्षीदार:
(सही) रिएट काफ्लिश, पाववाला. १९७४ साली खानावळीत मीही हसलो होतो.
(सही) मेंगा कालोंदर, टपालवाली. प्रत कुर्दिनच्या हातात दिली. त्याने उभ्या उभ्या वाचली. मग खाली बसला.