खिळ्यांच्या खणातल्या कविता

आप्पा, तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे आणि उत्तर द्यायला तुम्ही नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात आईने आणि मी शिरूरचा छापखान्याचा गाळा रिकामा केला. छपाईच्या अक्षरांच्या, म्हणजे शिशाच्या खिळ्यांच्या, लाकडी खणांपैकी सगळ्यात खालचा, ज्यात तुम्ही तुटकी अक्षरं टाकायचात, तो ओढून काढताना त्याच्या मागे एक गठ्ठा सापडला. छपाईत बिघडलेल्या लग्नपत्रिका होत्या, दोऱ्याने बांधलेल्या, आणि प्रत्येकीच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलने तुमच्या अक्षरात एकेक कविता. एकवीस कविता. कुठेही सही नाही, तारीख नाही. माझं नवं पुस्तक छापायला तयार आहे. त्यात अर्ध्या कविता माझ्या आणि अर्ध्या तुमच्या, तुमच्या नावाने, अशा घ्यायच्या मनात आहे. तुम्हाला ते चालेल का, एवढंच विचारायचं आहे.

मी पुस्तकं काढते हे तुम्हाला माहीत नाही. दौंडला राहते, एका शाळेत मराठी शिकवते आणि शाळेत जायच्या आधी सकाळी दोन तास लिहिते. प्रकाशक नाही. लिहिणं, मुखपृष्ठ, तपासणी, पार्सलवर पत्ते घालणं, सगळं मीच करते. सुरुवात मोबाइलवरच्या भुताच्या कथामालिकेने केली. त्यात एक बाई बंद पडलेल्या गुऱ्हाळात रोज चूल पेटवते. मग मुलांसाठी दोन रहस्यकथा लिहिल्या, दौंड जंक्शनवर हरवलेलं सामान शोधणाऱ्या एका मुलीच्या. मग कवितांचं एक बारीक पुस्तक काढलं, आणि आता कादंबरी अर्धी झाली आहे. शाळेतल्या बाई विचारतात, "अहो, पण तुम्ही नक्की काय लिहिता? भुतं की कविता?" पाबळच्या सहावीतल्या एका मुलीने वहीच्या पानावर कळवलं की रहस्यकथेच्या तिसऱ्या प्रकरणातली लाल पेटी पाचव्या प्रकरणात निळी झाली आहे. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. आई फोनवर म्हणाली, "अगं, तिनं पाचव्यापतोर वाचलं ते बघ की." मी पत्राची मागची बाजू तेव्हा कुठे पाहिली. तिथे तिने लिहिलं होतं, पुढचा भाग कधी येणार.

तऱ्हेतऱ्हेचं लिहिण्याची सवय मला तुमच्याकडूनच लागली असणार. तुमच्याकडे सकाळी लग्न यायचं, दुपारी दहाव्याची पत्रिका, संध्याकाळी जत्रेतल्या कुस्त्यांचं हँडबिल. तुम्ही प्रत्येकासाठी वेगळा चेहरा करायचात. दहाव्याच्या माणसाशी बोलताना आवाज खाली, कुस्तीवाला आला की मांडीवर थाप. मला दम्याचा त्रास होता म्हणून पहिलीला शाळेत घातलंच नाही. ते वर्ष मी तुमच्या शेजारच्या स्टुलावर काढलं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं. त्यामुळे मी मराठी आधी उलटं वाचायला शिकले. दुसरीत गेले तेव्हा बाईंनी फळ्यावर 'क' काढला आणि मी म्हणाले की हा वळवून काढलाय. त्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही हसत हसत परत आलात आणि आईला म्हणालात, "पोरगी बरोबर हाय, शाळाच उलटी हाय."

त्याच वर्षी तुम्ही मला पहिलं काम दिलंत. लग्नपत्रिकेत खाली घरातल्या लहान मुलांच्या नावाने दोन ओळी घालायची पद्धत आहे, आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं, अशा. तुम्ही त्या मनाने लिहायचात. एका दुपारी तुम्ही पेन्सिल माझ्यापुढे ठेवलीत. मी लिहिलं, 'आत्याचं लग्न, लवकर या, पुढच्या पंगतीत जागा घ्या.' तुम्ही ओळ हातातल्या पट्टीवर खिळ्यांनी जुळवलीत, छापलीत, आणि ओल्या शाईची पहिली पत्रिका माझ्या हातात दिलीत. मी विचारलं, "माझं नाव कुठंय?" तुम्ही म्हणालात, "लग्न त्यांचं, पत्रिका त्यांची. लिहिणाऱ्याचं नाव नसतंय. छापणाऱ्याचं असतंय, तेबी खाली, बारीक." हे वाक्य मी विसरलेले नाही. आता तेच आडवं येतं आहे.

आणि दुसरं जे आडवं येतं, ते तुम्हालाही आठवत असेल. मी पाचवीत होते. तोपर्यंत मी वाचून दिलेला कच्चा छाप तुम्ही परत बघत नव्हतात, इतका माझ्यावर भरवसा. पाबळच्या बाजूच्या एका गावचं लग्न होतं, निमंत्रकांची नावं चाळीसेक, नुसतं नाव आणि आडनाव. त्यात एक नाव दोनदा आलेलं दिसलं. मी दुसरं खोडलं. किती हुशारीने खोडलं, याचा मला आनंदही झाला होता. चार दिवसांनी एक म्हातारे गृहस्थ पायरी चढून आले, पागोटं हातात घेऊन.

"पत्रिका तुम्हीच छापली न्हवं?"

"व्हय आबा. बसा."

"बसायला न्हाई आलो. चुलतभाऊ छापला, पुतणे छापले, शेंबडी पोरंसुदिक छापली. म्या काय मेलो व्हय?"

दोघं चुलतभाऊ, दोघांचं नाव एकच, आणि गावभर पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी खिळ्यांच्या खणांमागे उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. "चूक माझी हाय आबा, वाचताना खोडलं गेलं," म्हणालात. सगळ्या पत्रिका पुन्हा जुळवल्यात, छापल्यात, आणि त्या आबांबरोबर एसटीने त्यांच्या गावाला जाऊन घरोघर जुनी पत्रिका मागून घेऊन नवी दिलीत. दोन दिवस गाळा बंद होता. परत आलात तेव्हा मी रडायच्या तयारीनेच बसले होते. तुम्ही चहा प्यालात, आणि कप खाली ठेवून विचारलंत, "तुला ते जादा वाटलं, तवा कुणाला विचारलंस?"

"न्हाई विचारलं."

"मग?"

एवढंच. त्या 'मग'नंतर मी वाट बघत राहिले, पण तुम्ही उठून हात धुवायला गेलात. मारलं असतंत तर मी ते कधीच विसरले असते.

आता तुमच्या कविता समोर ठेवल्या की तोच शब्द ऐकू येतो. तेव्हा मी न विचारता एका माणसाला यादीतून काढलं होतं. आता न विचारता एका माणसाला यादीत घालणार आहे. कविता तुम्ही लपवल्या होत्या की ठेवल्या होत्या, हेही मला ठरवता येत नाही. लपवायच्या असत्या तर तुम्ही त्या बंबात घातल्या असत्या. दाखवायच्या असत्या तर मी रोज शेजारीच बसलेले होते. मी त्या खूप वेळा वाचल्या आहेत. सगळ्या चांगल्या नाहीत, हे सांगायलाच हवं; तीन तर सरळ फसल्यात, त्यात तुम्ही जत्रेच्या हँडबिलासारखे ओरडता. पण बाकीच्या वाचताना मला स्वतःच्या ओळींची लाज वाटली, आणि लगेच कामाला बसावंसं वाटलं. असं चांगल्या कवितेनेच होतं.

मी गठ्ठा घेऊन शिरूरला आईकडे गेले. आई मेथी निवडत होती. म्हणाली, तूच वाच, माझा चष्मा तिकडं हाय. मी ही वाचली:

दुसऱ्यांच्या दारचे मांडव
रोज शाईत उभे करतो.
घरी येतो, हात धुतो,
तुझं नाव तेवढं राहून जातं.

तुमच्या लग्नाला पत्रिका नव्हती, हे मला माहीत होतं. दहा माणसांत, देवळात झालेलं लग्न. पण तुम्हाला ते इतकी वर्षं लागून राहिलं होतं, हे माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आन् हे मला सांगायचं सोडून खिळ्यांच्या मागं कोंबलं?"

"छापू का?"

"छाप की. जन्मभर दुसऱ्यांचीच नावं छापली त्यांनी."

"पण त्यांना विचारलं नाही ना आपण."

"मग विचार."

"कसं? पत्र लिहू?"

"लिही. उत्तर आलं तर मलाबी वाचून दाखव," असं म्हणून ती हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मग तिने ती कविता पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्या वेळेला मात्र चष्मा शोधून आणला आणि स्वतः वाचली, बोट ठेवून, ओठ हलवत. मला वाटलं, या पत्रिकेचं निमंत्रण इतक्या वर्षांनी का होईना, पोचलं.

पुस्तकात डाव्या पानावर तुमची कविता असेल आणि उजव्यावर माझी. फसलेल्या तीन मी घेतलेल्या नाहीत; पुढेमागे भांडायचं असेल तर त्यावरून भांडा. तुमचं नाव खाली बारीक नाही. ते मुखपृष्ठावर आहे, माझ्या नावाएवढ्याच अक्षरात. एवढं तुमच्या शिकवणीविरुद्ध केलं आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तेव्हा एक कबूल करायला हरकत नाही. वर मी 'छापायला तयार आहे' असं लिहिलं, 'मनात आहे' असं लिहिलं, ते खरं नाही. पुस्तकाची फाइल सोमवारीच पुण्याला छपाईला गेली. तिथल्या माणसाने फोन करून विचारलं, "मॅडम, फायनल ना? मागनं बदल न्हाई हां करता येणार." मी हो म्हणाले. जराही न थांबता म्हणाले, आप्पा. आणि तुम्हाला विचारायला हे पत्र गुरुवारी लिहायला घेतलं.