ताण जाणवू दे, कळ नको

बाई, काल नांदेडला मी खेळ शिकवते त्या शाळेच्या मैदानावर एक मुलगी खो-खोत खांबाला वळताना जांघ धरून खाली बसली आणि मला तुमचं लातूरचं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, तरी खेळताना कुणाला लागलं की मी आधी तुमचाच आवाज ऐकते.

मी नववीत होते. खो-खोच्या सरावात सूर मारताना पाय इतका फाकला की आत काहीतरी कचकन ओढलं गेलं. तुम्ही धावत आलात. "कुठं दुखायलंय गं?" मी म्हणाले, "गुडघ्यात." "मग हात गुडघ्याच्या वर कशाला धरला?" मी मान खाली घातली. आमच्या घरी त्या जागेचं नाव कुणी घेत नसे. तुम्ही सगळ्या संघाला गोळा केलंत. "जांघ म्हणायचं. हाताला हात म्हणता ना, तसं. म्हणा!" पोरी एका सुरात ओरडल्या, "जांघ!" रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला आणि एवढ्या दुखण्यात मला हसू फुटलं.

डॉक्टर म्हणाले, स्नायू ताणला गेलाय. आधी विश्रांती, मग हळूहळू ताणाचे व्यायाम. आई म्हणाली, "बास झाला आता खेळ." दिवाळीनंतर नांदेडला विभागीय स्पर्धा होती. तुम्ही घरी येऊन आईला म्हणालात, "खेळायचं का न्हाई ते मागून बघू. पोरीला नीट चालता तर यायला पाहिजे ना? दुखणं उतरलं की शाळा सुटल्यावर माझ्याकडं धाडा." आई तयार झाली.

मग रोज संध्याकाळी मी तुमच्या ओट्याजवळ सतरंजीवर बसते, तळपाय जुळवते आणि गुडघे दोन्ही बाजूंना अलगद सोडते. तुम्ही भाकरी थापता थापता मागं बघता. "ताण जाणवू दे, कळ नको. कळ आली की थांब." पुढं गुडघ्यांमध्ये उशी दाबायची, नंतर उभं राहून, पाय फाकवून एक गुडघा वाकवत त्या बाजूला खाली झुकायचं. एकदा ते झुकणं दाखवायला तुम्ही पिठाच्या हातांनी आलात आणि खाली गेलात ते तिथंच अडकलात. "आता मला कोण उठवावं गं माय!" तुम्ही हसताय, मी ओढतेय, तव्यावर भाकरी करपतेय. तीच भाकरी आपण ठेच्याबरोबर खाल्ली.

जरा बरं वाटताच मी तुम्हाला न विचारता धावले आणि कळ परत आली, तेव्हा मात्र तुम्ही लई रागावलात. "घाई तुला हाय, जांघेला न्हाई!" एवढंच बोललात. दुसऱ्या दिवशी मी दारात घुटमळले, तर सतरंजी अंथरलेली होती.

नांदेडच्या अंतिम सामन्यात शेवटी शेवटी तुम्ही मला उतरवलंत. मी खांबाला वळले. पाय लांब गेला, ताण जाणवला, कळ नाही. मी सूर मारला आणि पुढं पळणारी पोरगी माझ्या हाताला लागली! तरी सामना आपण थोडक्यात हरलो.

कालच्या मुलीला आज दवाखान्यात नेऊन आणलं. विश्रांती संपली की तीही माझ्याकडं येईल. तिच्या आईशी बोलून ठेवलंय.

हे पत्र कुठं टाकणार मी? पण एक सांगायचं राहूनच गेलं. परतीच्या एसटीत सगळ्या रडत होत्या, तुम्ही माझ्या शेजारी खिडकीकडं तोंड करून बसला होतात. मीही पुढच्या सीटवर डोकं टेकून होते आणि तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात. बाई, मी रडत नव्हते. कळ आली नव्हती, मला हसू आवरत नव्हतं.