तळाला बसणारा निळा

दादाला धाकटीचा नमस्कार. वहिनीला आणि तिच्या दुखऱ्या गुडघ्यालाही.

इथे परदेशात मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं, काळजी नको.

कापड गिरणीचा निळा रंग नदीत उतरला की तुमच्या जलशुद्धीकरण केंद्रात कितीही तुरटी घातली तरी पाणी निळंच राहतं, म्हणून तू कपाळाला हात लावायचास ना? तुझ्यासाठीच मी इथल्या रंगाच्या कारखान्यात तुरटीला चिकटणारा निळा तयार केला! परवा सगळ्यांसमोर चिमूटभर तुरटी घालून ढवळलं, तर दूध नासावं तसा रंग फुटून तळाला बसला. साहेबांनी वरचं पाणी पिऊन दाखवलं. मला बढती मिळाली.

इथे आता जुन्या, न बसणाऱ्या रंगावर बंदी आली. गोदामात त्याची पिंपं उरली होती. साहेब म्हणाले, "फेकायची कशाला? तुमच्याकडे गिरण्या आहेत ना?" मी मान डोलावली. तोंडात बढतीचा केक होता.

पिंपं तिकडे निघाली आहेत. बाळाला पाणी कुठलं देता? मागची विहीर अजून चालू आहे का?

आणि दादा, यंदा उगाच तुरटी वाया घालवू नकोस. बसणारा निळा आम्ही इथल्यांसाठी ठेवलाय.

तुझीच गुणी,
धाकटी