विहीणबाईंचं अनेकवचन

धार, २० नोव्हेंबर २०२४

चि. शिखास अनेक आशीर्वाद.

फोन करू नकोस, पत्रच लिही. देवासला हिंदी बोलून बोलून तुझं मराठी पार पातळ झालंय.

काम असं, की अंबरीशच्या सासूबाईंचं दिवाळीचं कार्ड आलंय, थेट स्पेनहून. त्या लेक-जावयाकडेच राहतात. आता नाताळाला आपलं कार्ड गेलं पाहिजे, तेही त्यांच्या भाषेत. तू मोबाइलवर शिकतेसच, दोन ओळी मलाही शिकव.

सूनबाईला लिहायचं नाही. अंबरीशनं न विचारता लग्न केलं, तेव्हापासून दोन वर्षं मी लुसियाशी चकार शब्द बोललेली नाही. माझंच चुकलं गं, रोज वाटतं. पण आता कुठल्या तोंडानं सुरुवात करू? विहिणीला लिहिणं ही तर रीतच आहे.

तुझ्या आईला नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
अक्काआत्या

*

देवास, २८ नोव्हेंबर

ती. अक्काआत्यास शि. सा. न. वि. वि.

तुमची पत्र मिळाली. लहानपणापासून माझं लिंग-वचन तुम्ही सुधारलं, आता माझी बारी!

विशेषणं मराठीसारखीच वळतात. नवा-नवी, तसं नुएवो-नुएवा. वर्ष तिकडे पुल्लिंगी, म्हणून 'आन्यो नुएवो'. नपुंसकलिंग नाहीच, सुटले मी! 'फेलिस' म्हणजे आनंदी. ते आपल्या 'सुंदर'सारखं, बाईला-पुरुषाला एकच, पण अनेकवचनात 'फेलिसेस' होतं. नाताळ एकच, म्हणून 'फेलिस नाविदाद'. वर मायना 'केरिदा', म्हणजे प्रिय. एका बाईला केरिदा, अनेकींना केरिदास.

पोस्टात टाकायच्या आधी मला दाखवा हं.

तुमची लाडकी (आहे ना अजून?)
शिखा

*

धार, ६ डिसेंबर

चि. शिखास अनेक आशीर्वाद.

पत्र 'मिळाली' नव्हे, 'मिळालं'. आणि म्हणे मला शिकवतेस!

कार्ड काल गेलं. नालछ्याचे नारायणराव इंदूरला मोठ्या पोस्टात निघाले होते, मग मी थांबले नाही. एक सुधारणा मात्र मीच केली. विहीणबाईंना एकवचनी 'केरिदा' लिहायचं? आपल्या घराला शोभतं का ते? मानाला अनेकवचनच हवं, म्हणून 'केरिदास' लिहिलं. विहिणीचं नाव काही घातलं नाही, पाकिटावरही अंबरीशचंच आहे. नाताळ मात्र एकवचनीच ठेवला, त्याला कसला मान?

थंडीत कान बांधून फिरत जा.

तुझी,
अक्काआत्या

*

देवास, १३ डिसेंबर

ती. अक्काआत्यास शि. सा. न. वि. वि.

हाय राम, आत्या! तिकडे मानाचं अनेकवचन नसतंच. 'केरिदास' म्हणजे 'प्रिय बायकांनो' झालं! आणि त्या घरात बायका दोनच, विहीणबाई आणि लुसियावहिनी. अंबरीशदादाला कळवू का, की चुकून झालंय? तुम्ही सांगाल तसं करते.

रागावू नका, मला फार हंसी आली.

तुमची,
शिखा

*

धार, १५ जानेवारी २०२५

चि. शिखास अनेक आशीर्वाद.

अंबरीशला काही एक कळवू नकोस, माझी शपथ आहे तुला.

कार्ड पोचलं. लुसियानं दारातच उघडलं, 'केरिदास' वाचलं आणि तिला वाटलं, दोघींना आहे. तिथेच उभी राहून रडली म्हणे. काल संक्रांतीला अंबरीशचा फोन आला, तो मध्येच तिनं घेतला. त्यानं घोकून घेतलेलं म्हणाली, आई, तिळगूळ घे, गोड बोल.

अगं, सासूला कोणी 'घे' म्हणतं का? पण तो मला म्हणतो तसंच त्यानं शिकवलं. तुझी चूक मी कधी सोडली नाही, हे तुला ठाऊक आहे. हिची सुधारायला तोंड उघडलं होतं, पण सोडून दिली. कशीबशी 'बोलेन गं' म्हणाले.

पुढचं कार्ड गुढीपाडव्याचं, तिच्या नावानं. 'केरिदा लुसिया' असंच लिहीन, एकवचनी.

तिळगूळ पाठवतेय, सगळा एकटीनं खाऊ नकोस.

तुझी,
अक्काआत्या